ट्रेलरचं डावं चाकच का बसतं?

तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. बोलेरोमागं ओढायचा एका आसाचा छोटा ट्रेलर तुम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बनवून घेतलात. आत झोपायची सोय, मागं स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस. चार महिन्यांत तीन पंक्चर झाले, तिन्ही डाव्याच चाकाला. पहिला खिळ्याचा. दुसरा नळदुर्गहून परत आल्यावर घरी पोचल्यावरच दिसला. तिसऱ्या वेळी मोहोळच्या अलीकडं टायरच्या चिंध्या झाल्या आणि तिथल्या पंक्चरवाल्यानं एक जुना टायर चढवून आत ट्यूब टाकून दिली. आता मे महिन्यात कोकणात जायचंय. स्टेपनी एक घ्यावी की दोन, ट्यूब राहू द्यावी की आतून पंक्चर बुजवणारं लिक्विड भरावं, आणि रस्त्यात पुन्हा तसंच झालं तर जॅक नेमका कुठं लावायचा, हे तुमचे प्रश्न.

सरळ उत्तरं आधी देतो. ती ट्यूब काढा. लिक्विड भरू नका. स्टेपनी एकच, पण कामाची. आणि यातलं काहीही करायच्या आधी ट्रेलर वजनकाट्यावर न्या, कारण तिन्ही वेळा डावंच चाक बसतं म्हटल्यावर माझा संशय खिळ्यावर कमी आणि वजनावर जास्त आहे.

मी तीस वर्षं टायरचं काम करतोय, आणि त्यातली निम्मी ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या टायरांत गेली. ट्रॉली असो नाहीतर तुमचा झोपायचा ट्रेलर, मागून ओढल्या जाणाऱ्या चाकाची एक अडचण सारखीच असते. त्याला बोलता येत नाही. मोटारीचा टायर बसला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, गाडी झुकते, बुडाखाली थडथड लागते. ट्रेलरचा टायर बसला तर यातलं काहीही ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही. बोलेरोच्या इंजिनाला मागचं ओझं थोडं जड झालंय हे कळतसुद्धा नाही, आणि एसी लावून काचा वर केल्या की आवाजही येत नाही.

हवा कमी झालेला टायर फिरताना प्रत्येक फेऱ्याला बगलेत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, दुमडतो आणि पुन्हा सरळ होतो. तार तोडायची असली की आपण ती मागं-पुढं वाकवतो आणि वाकते तिथं बोटाला चटका बसतो, तसंच हे. बगल तापते, रबर आणि आतला धागा एकमेकांपासून सुटतात, मग काही किलोमीटरांत टायर फाटतो. खिळा काढून भोक बुजवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. टायर मरतो तो खिळा लागल्यानंतर आपण जेवढं अंतर बेफिकीर चालतो त्यानं.

हे मला दुसऱ्याचं बघून कळलं असं सांगायला आवडलं असतं. पण एका हिवाळ्यात घरच्यांना उजनीच्या पाणलोटावर रोहित पक्षी दाखवायला भिगवणकडं निघालो होतो, मागं असाच एक ट्रेलर. टेंभुर्णीच्या पुढं एक टँकरवाला शेजारी आला, हॉर्न मारून हात हलवू लागला. मला वाटलं, ओव्हरटेकवरून भांडतोय. मीही हात केला. पुढं एका ढाब्यावर थांबलो तेव्हा डाव्या बाजूला टायर नावाची वस्तूच नव्हती. रिमला कोन आले होते आणि मडगार्डच्या आतून जाणारी मागच्या दिव्यांची वायर रबराच्या फटक्यांनी तुटून लोंबत होती. टायरवाल्याच्याच ट्रेलरची ही अवस्था. तेव्हापासून शेजारच्या गाडीवाल्यानं हात केला की मी आधी आरशात बघतो, मग रागावतो.

आता तुमच्या तीन पंक्चरांकडं येऊ. पहिला खिळा, त्याचं काही विशेष नाही. खरी गोष्ट दुसऱ्यात आहे. नळदुर्ग ते सोलापूर या रस्त्यावर कुठंतरी हवा गेली आणि तुम्हाला ते घरी कळलं. म्हणजे तो टायर किती किलोमीटर अर्ध्या हवेवर चालला हे कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाहेरूनच स्ट्रिप, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टी, मारून घेतलीत आणि पुढच्या ट्रिपला निघालात. मोहोळजवळ फुटला तो तिसरा पंक्चर नव्हता, दुसऱ्याचीच उरलेली किंमत होती. असा टायर कधीही बाहेरून दुरुस्त करू देऊ नका. रिमवरून उतरवायला सांगा आणि आत हात घालून बघा. आत चहाच्या पावडरीसारखा काळा भुगा निघाला किंवा बगलेवर आतून गोल फिरलेला रगडल्याचा पट्टा दिसला, तर टायर तिथंच सोडून द्या. बाहेरून तो कितीही नवा दिसो, नक्षी कितीही खोल असो. पंक्चरवाला म्हणेल, "चालतोय की साहेब, अजून वर्षभर जाईल." मोटारीला पुढं-मागं फिरवून एखादवेळी जाईलही. ट्रेलरला नाही.

मग डावंच का? एक कारण रस्त्याचं. रस्त्यावरचा सगळा केरकचरा, खिळे, तारेचे तुकडे, उसाच्या ट्रॉल्यांचे निसटलेले नट, हे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्यानं कडेला जाऊन साठतं, आणि आपण चहाला थांबताना डावं चाक बरोबर त्याच पट्टीवर घालतो. दुसरं, ट्रेलर बोलेरोपेक्षा रुंद असला तर त्याची चाकं बोलेरोच्या चाकोरीतून जात नाहीत. बोलेरो खड्डा चुकवते, ट्रेलर त्यात उतरतो. पण ही कारणं सगळ्याच ट्रेलरना लागू आहेत. तुमच्या फोटोत मला दिसलं ते असं की पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही डाव्या अंगाला आहेत.

हिशेब करून बघू. तुम्ही म्हणता रिकामा ट्रेलर सहाशे किलोचा. टाकी ऐंशी लिटरची, म्हणजे भरल्यावर ऐंशी किलो. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नासच्या आसपास. गॅस, शेगडी, छोटा फ्रिज, बाहेर लावायची ताडपत्री आणि तिचे पाइप, गाद्या, चार माणसांचे कपडे, पीठ-तांदूळ, शेंगाचटणीचा डबा. साडेआठशे कुठंच गेले नाहीत. त्यातले ऐंशी-पंच्याऐंशी किलो पुढं हुकावर गेले तरी पावणेआठशे दोन चाकांवर आले. आता फोटोतला टायर बघा: १४५/८० आर १२, आणि शेजारी ७४. हा अल्टोचा टायर. तो ७४ म्हणजे लोड इंडेक्स, आणि ७४ चा अर्थ एका टायरला जास्तीत जास्त ३७५ किलो. दोन टायरचे ७५०. म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी समान वाटलं तरी टायर कमीच पडतात. त्यात टाकी-बॅटरी डावीकडं असल्यानं डाव्या चाकावर सव्वाचारशे आले असतील तर मला नवल वाटणार नाही. शिवाय ३७५ किलो हा आकडा टायरमध्ये ३५-३६ पीएसआय हवा असताना धरलेला असतो. तुम्ही लिहिलंय की हवा २८ ठेवता, "धक्के कमी बसावेत म्हणून". धक्के कुणाला? आत तर कुणी बसत नाही, आणि बसवूही नका.

फॅब्रिकेटरला फार दोष देत नाही. त्यानं तुमच्या बजेटमध्ये मिळाली ती चाकं लावली, रिकाम्या ट्रेलरला ती पुरत होती.

काट्यावर जायचं ते असं. सगळं सामान आणि टाकी भरून, अगदी निघतानाचाच ट्रेलर घेऊन जा. आधी ट्रेलर सोडवून एकटा काट्यावर उभा करा: हे एकूण वजन. मग बोलेरोला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर येतील असं उभं करा: हे चाकांवरचं वजन. दोन्हीतला फरक म्हणजे हुकावरचा भार. तो एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हवा, शिवाय बोलेरोचा हुक जेवढ्या भाराचा असेल त्याच्या आत. तो फारच कमी असला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो आणि टायर बसला की ते हलणं आवरत नाही. शेवटी एकच चाक काट्यावर आणि दुसरं बाहेरच्या सपाट जमिनीवर, असं दोन्ही बाजूंनी करून दोन पावत्या घ्या. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलोंचा फरक धरून चाला, आपल्याला तोळे-मासे नकोत. आपल्या जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही. फक्त साखर कारखान्याच्या किंवा कांद्याच्या आवकेच्या दिवसांत मार्केट यार्डाच्या बाजूला जाऊ नका, अर्धा दिवस रांगेत जाईल. आता उन्हाळ्यात गर्दी नसेल.

आकडे हातात आले की आधी सामान हलवा. बॅटरी उजवीकडं न्या, आसाच्या जवळ. टाकी शक्यतो मधोमध, आसावर. ते जमत नसेल तर प्रवासात पाव भरा, कोकणात पाणी मिळतं. मग टायर. ज्या चाकावर जास्त भार आहे त्याच्यापेक्षा निदान वीस टक्के जास्त क्षमतेचा टायर दोन्ही बाजूंना घ्यायचा. लोड इंडेक्स ८० म्हणजे ४५० किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०. तुमच्या ट्रेलरला ८४ च्या खालचा विचार करू नका. १२ इंचातच राहायचं असेल तर छोटा हत्तीला लागतो तसा एलटी, म्हणजे मालवाहू जातीचा ८ प्लायचा टायर मिळतो. पण त्याला हवा मोटारीच्या टायरपेक्षा बरीच जास्त लागते, म्हणून रिमही त्याच कामाची हवी. अल्टोच्या रिमवर तो चढवून कंप्रेसर लावू नका. रबरी व्हॉल्व्हचाही विचार करा. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयच्या पुढं चालत नाही, तिथं धातूचा लागतो. रिम बदलली की नटांची भोकं जुळतात का ते बघणं आलं, आणि नसतील जुळत तर हब बदलायचा खर्च आला. तो करायचाच असेल तर बोलेरोच्याच मापाची चाकं बसतात का हे फॅब्रिकेटरला विचारा. मडगार्ड उंच करावं लागेल, ट्रेलर थोडा उचलला जाईल, पण मग बोलेरोची स्टेपनी ट्रेलरला आणि ट्रेलरची बोलेरोला. मी स्वतः तेच केलंय.

टायरचं वय बगलेवर लिहिलेलं असतं. डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. (काही टायरना हे आकडे एकाच बाजूला असतात, तेव्हा आतल्या बाजूनं वाकून बघावं लागतं.) ट्रेलरचा टायर झिजून क्वचितच जातो. तो वर्षातले अकरा महिने अंगणात उभा असतो, एकाच जागी दबलेला, उन्हात, आणि बगलेवर बारीक तडे जातात. म्हणून नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी तो काढायचा. तुम्हाला मोहोळला मिळालेल्या "जुन्या पण चांगल्या" टायरवरचे ते चार आकडे आज जाऊन वाचा. मी पैज लावत नाही, पण वाचा. आणि रबर चढवलेला रिमोल्ड टायर कुणी स्वस्तात देऊ केला तर नको म्हणा. मी स्वतः रिमोल्डचा माल विकतो. ट्रॉलीला, सावकाश चालणाऱ्या गाडीला तो ठीक आहे, कुटुंबाला घेऊन हायवेला जायच्या ट्रेलरला नाही.

ट्यूबचं. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकणं ही रात्री अकरा वाजता आडवाटेवरची सोय आहे, घरी पोचेपर्यंतची. अशा टायरची आतली बाजू ट्यूबसाठी केलेली नसते; तिच्यावरच्या कडा-रेषा ट्यूबला घासत राहतात, दोन रबरं एकमेकांवर घासून उष्णता वाढते, आणि ट्यूब गेली की हवा एका क्षणात जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुतेक वेळा हवा हळूहळू सोडतो, तेवढा वेळ आपल्याला मिळतो. तोच फायदा आपण ट्यूब टाकून घालवतो.

लिक्विड. मोटरसायकलला, शेतातल्या गाडीला मी स्वतः भरून देतो. ट्रेलरला नको म्हणतो कारण ते बारीक भोक झाकून ठेवतं आणि हवा कमी-कमी होत असल्याचं तुम्हाला कळत नाही. वर महिनाभर उभ्या ट्रेलरमध्ये ते खाली साठतं आणि चाकाचं संतुलन बिघडवतं. पुढं ज्याला तो टायर उतरवायचा असतो त्याचे हात आणि शिव्या हा वेगळा विषय.

त्यापेक्षा व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे हवा दाखवणारे सेन्सर घ्या, ज्यांचा छोटा डिस्प्ले बोलेरोत पुढं ठेवता येतो. मागून चाललेल्या मुक्या चाकाला बोलतं करणारी माझ्या माहितीतली ही एकमेव वस्तू आहे. हवेबरोबर तापमानही दाखवणारे घ्या, कारण कधीकधी टायरच्या आधी बेअरिंग तापतं. अलार्म थंड हवेच्या दहा-पंधरा टक्के खाली लावा. सेन्सरचं वजन व्हॉल्व्हवर येतं म्हणून तिथंही धातूचाच व्हॉल्व्ह बरा. घेतल्यावर एकदा मुद्दाम मागच्या चाकातली हवा सोडून पुढं डिस्प्ले ओरडतो का बघा. ट्रेलर लांब असला तर सिग्नल पोचत नाही आणि मधे सिग्नल पुढं पोचवणारा एक रिपीटर लावावा लागतो.

हवा बघायची ती सकाळी, टायर थंड असताना, ऊन लागायच्या आत. टायरचं तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो. सोलापूरच्या मे महिन्यात तासभर चालल्यावर सकाळी भरलेले ३६ चे ४० दिसतील. ते बरोबर आहे, त्याला हात लावू नका. दरवर्षी कुणीतरी पेट्रोलपंपावर तापलेल्या टायरची "जास्तीची" हवा सोडून येतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कमी हवेवर निघतो. नायट्रोजन भरावा का, असंही लोक विचारतात. भरा, बिघडत काही नाही. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे.

आता रस्त्यात झालं तर. आधी चालू गाडीत काय करायचं ते. टायर फुटला आणि ट्रेलर मागं झुलायला लागला तर पाय ब्रेककडं जातो, तो जाऊ देऊ नका. ब्रेक मारला की पुढची गाडी थांबायला बघते आणि मागचा ट्रेलर तिला ढकलत बाजूनं पुढं यायला बघतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरला स्वतःचा इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त तो हातानं लावा. तुमच्या ट्रेलरला तो नाही.

थांबायची जागा निवडायला टायरची पर्वा करू नका. तो गेलेलाच आहे. पुलावर, वळणावर, चढाच्या माथ्यावर थांबण्यापेक्षा दिवे लावून, पायी चालण्याच्या वेगानं चारशे-पाचशे मीटर पुढं जाऊन ढाब्याच्या पटांगणात थांबलेलं बरं. रिम वाकली तर वाकू दे, रिम मिळते. उजवं चाक असेल तर हे दुप्पट लागू, कारण ते बदलताना तुमची पाठ रहदारीकडं असते. नीट जागा नसेल तर उजवं चाक हायवेच्या कडेला बदलूच नका. सगळ्यांना कठड्याच्या पलीकडं उभं करा आणि १०३३ ला फोन लावा, राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी तोच नंबर आहे. लाल त्रिकोण निदान पन्नास पावलं मागं ठेवा. तो सीटखालीच राहतो, हा माझा अनुभव.

ट्रेलर बोलेरोपासून सोडवू नका. जोडलेला असतानाच तो सगळ्यात स्थिर असतो. बोलेरोचा हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. ट्रेलरच्या दुसऱ्या, म्हणजे चांगल्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडाची उटी लावा. नट सैल करायचे ते टायर जमिनीवर टेकलेला असतानाच, अर्धा-पाऊण फेरा. मोटारीचं मागचं चाक हँडब्रेकनं धरलेलं असतं, तुमच्या ट्रेलरचं चाक कशानंच धरलेलं नाही, उचललं की पान्याबरोबर गरगर फिरेल.

जॅक: बोलेरोचा जॅक ट्रेलरला बसेल असं गृहीत धरू नका. टायर पूर्ण बसल्यावर ट्रेलरची खालची जागा किती कमी उरते हे मोजून तेवढा बुटका बाटली-जॅक घ्या. तुमच्या ट्रेलरला पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, तेव्हा जॅक लावायचा तो स्प्रिंगेच्या खाली, जिथं यू-बोल्टांची जाड पट्टी आहे तिथं. चॅसीला लावला तर चॅसी उचलत राहते आणि स्प्रिंग सुटून चाक तिथंच लोंबकळत राहतं; जॅकची उंची संपते, चाक सुटत नाही. आसाच्या मधोमध कधीच लावू नका, आस वाकतो. एकदा वाकलेला आस पुढचे सगळे टायर आतल्या कडेनं खातो. (रबराच्या टॉर्शन आसाचा ट्रेलर असेल तर गोष्ट उलटी, तिथं चॅसीलाच, आसाच्या लगत मागं लावतात.) ती जागा घरी शोधून पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवा, रात्री बॅटरीच्या उजेडात बरं पडतं.

जॅकखाली हातभर लांब-रुंद जाड फळी हवीच. काळ्या मातीच्या कडेला जॅक चाक न उचलता स्वतःच खाली जातो. पावसाळ्यात तर बघायलाच नको. वर उचललेल्या ट्रेलरखाली डोकं घालायचं नाही आणि उचलताना आत कुणी नको, झोपलेलं पोरसुद्धा.

नवं चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळत जा, एका रांगेत नव्हे. आधी हातानं, मग पान्यानं थोडे, आणि चाक टेकल्यावर पूर्ण. पान्यावर उभं राहून उड्या मारायची पद्धत आपल्याकडं आहे; त्यानं बोल्टचे आटे जातात आणि पुढच्या वेळी नट निघत नाही. पन्नास किलोमीटरांवर थांबून पुन्हा एकदा बघायचे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि प्रत्येक हंगामात ट्रॉलीचं एखादं चाक ट्रॉलीच्या पुढं धावत जातं.

ज्यांच्या ट्रेलरला एका बाजूला पुढं-मागं दोन चाकं आहेत त्यांना जॅक बऱ्याचदा लागतही नाही. शेजारचं चांगलं चाक जाड लाकडी ठोकळ्यावर चढवलं की बसलेलं चाक अधांतरी होतं. पण त्यांनी एक ध्यानात ठेवावं, एक टायर बसला असताना त्याचं सगळं ओझं त्या शेजारच्यानं वाहिलेलं असतं, तेव्हा तोही उतरवून आतून बघायचा.

दुरुस्तीचं थोडक्यात. भोक नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल आणि सहा मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल तरच दुरुस्ती. खांद्यावर किंवा बगलेवर असेल तर नाही, कितीही बारीक असलं तरी. स्ट्रिप ही पुढच्या गावापर्यंतची. तिथं टायर उतरवून आतून पॅच किंवा मशरूम (छत्रीसारखी रबरी खुंटी) लावून घ्या.

आपल्या भागात खिळ्याइतकाच वैरी वेड्या बाभळीचा काटा. तो आत मोडतो, टोक रबरात राहतं, पॅच लावून झाल्यावर दोन दिवसांनी तेच टोक पुन्हा वर येतं. बोटानं सापडत नाही. टायरच्या आत कापसाचा बोळा किंवा बायकोचा जुना नायलॉनचा ओढणीचा तुकडा फिरवा, जिथं अडकेल तिथं काटा. आणि धसकटं! हुरड्याला शेतात ट्रेलर घेऊन जाता, ज्वारी उभी असते, पण शेजारच्या तुकड्यात तूर कापलेली असते आणि नेमका तिथंच पार्किंगला मोकळा रान दिसतो. तुरीचं वाळलेलं धसकट तिरकं कापलेलं असतं, थेट बगलेत घुसतं, आणि बगलेचं औषध माझ्याकडं नाही. बांधावरून चालत जाऊन आधी बघा, मग गाडी घाला.

स्टेपनी. शब्द कसा आपला वाटतो, पण वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू झाला, त्या रस्त्याचं नाव आपण आजही घेतोय. एकच पुरे, फक्त ती चालू दोन टायरच्याच क्षमतेची, रिमवर चढवलेली आणि हवा भरलेली असावी. ट्रेलरखाली बांधलेल्या स्टेपनीची हवा कुणी वर्षभर बघत नाही आणि गरजेच्या दिवशी तीही बसलेली निघते. नव्या मोटारींत आता बारीक तात्पुरती स्टेपनी येते किंवा येतच नाही, फक्त दुरुस्तीचा किट मिळतो. २०२० पासून हवेचे सेन्सर आणि किट असलेल्या मोटारीला स्टेपनीची सक्तीच राहिलेली नाही. तेव्हा दुसऱ्याची मोटार घेऊन ट्रेलर ओढणार असाल तर डिकी उघडून बघा.

कोकणासाठी तुम्ही मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करून आंबा घाटानं उतराल असं धरतो. पहाटे चारला निघा, म्हणजे सांगोल्याच्या पुढचा उघडा पट्टा ऊन चढायच्या आत मागं पडेल. वेग साठ-पासष्ट. मंगळवेढ्याला पहिला थांबा, पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात, नट बघायला बरोबर जागा. प्रत्येक थांब्यावर चहा सांगायच्या आधी दोन्ही टायरच्या बगलेला आणि हबला हाताची मागची बाजू जवळ न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल तर हवा बघा; हवा बरोबर असेल तर बेअरिंग. निघायच्या आधी बेअरिंगांना ग्रीस भरून घ्याच, नवीन ट्रेलर म्हणून कुणी ते उघडूनच बघितलं नसणार.

काट्याच्या पावत्या मिळाल्या की डाव्या आणि उजव्या चाकाचे आकडे तेवढे कळवा, आणि सध्याच्या रिमच्या नटांच्या भोकांचं अंतर. मग नेमकं टायरचं माप सांगतो. तोवर ट्रेलर अंगणातच राहू द्या, डावं चाक विटांवर उचलून.